घरच्या संगणकाची राखण



‘आमच्या संगणकात व्हायरस शिरला’ हे वाक्य आताशा पडसे झाल्याचे सांगावे इतक्या सहजपणे आपल्या घराघरांतून ऐकू येते. संगणक मंद चालू लागला, व्हायरस. पडद्यावर जाहिराती नाचू लागल्या, व्हायरस. जपून ठेवलेली छायाचित्रे सापडेनाशी झाली, तरीही व्हायरसच. एकाच शब्दाच्या पोत्यात आपण नाना तऱ्हेचे उपद्रव कोंबले आहेत. रोगाचे नाव चुकले की औषधही चुकते, हे वैद्यकात जितके खरे तितकेच येथेही. म्हणून प्रथम या उपद्रवांची ओळख करून घेऊ आणि ओळखीच्या ओघातच त्यांच्यावरचे उपायही पाहू.

संगणक हे आज्ञा पाळणारे यंत्र आहे. बरे-वाईट त्यास कळत नाही. आज्ञांची जी माळ त्याच्यापुढे ठेवावी, ती तो मुकाट्याने जपतो. अशा माळेस प्रोग्राम किंवा आज्ञावली म्हणतात. पत्र लिहिण्याची आज्ञावली असते, गाणे वाजविण्याची असते; तशीच चोरी करण्याचीही असू शकते. व्हायरस, वर्म, ट्रोजन, स्पायवेअर ही सारी अशा दुष्ट आज्ञावल्यांची कुळे होत. भेद आहे तो त्यांच्या संचाराच्या रीतीत आणि हेतूत. व्हायरस दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी फाइलीस चिकटतो व ती फाइल उघडली की जागा होऊन आपल्या प्रती काढू लागतो. आंब्याच्या फांदीवाचून बांडगूळ जगत नाही, त्यातलाच हा प्रकार. वर्म म्हणजे कृमी. त्यास असा आधार लागत नाही. संगणकांच्या जाळ्यातून तो आपला आपण हिंडतो. ट्रोजन मात्र स्वतः कोठेच शिरत नाही. त्याला आपणच घरात घेतो. ग्रीकांच्या लाकडी घोड्यावरून हे नाव पडले, परंतु आपल्याकडील दाखला आम्हांस अधिक जवळचा वाटतो. रावण पर्णकुटीत घुसला नाही. भिक्षेकऱ्याचा वेष घेऊन तो दाराशी उभा राहिला, आणि रेषा ओलांडली ती सीतेने, तीही अतिथिधर्म म्हणून. फुकटचा खेळ, फुकटचा सिनेमा, ‘बक्षीस लागले’ म्हणून आलेला कागद, अशा वेषांत हल्लीचा रावण येत असतो.

या कुळाचा इतिहास तुम्हां मुलांना विशेष रुचेल, कारण त्याच्या आरंभी एक शाळकरी मुलगाच उभा आहे. इ.स. १९८२ मध्ये अमेरिकेतील रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘एल्क क्लोनर’ नावाची आज्ञावली लिहिली. ॲपल-२ या संगणकाच्या फ्लॉपीवर बसून ती एका संगणकातून दुसऱ्यात जाई, आणि बाधलेल्या फ्लॉपीवरून संगणक पन्नासाव्या वेळी सुरू केला की पडद्यावर एक लहानशी कविता उमटे. हेतू होता मित्रांची थट्टा करण्याचा. पुढे १९८६ साली लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आपण तयार केलेल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या नकला होऊ नयेत म्हणून तो लिहिला, असे त्यांनी सांगितले. त्या व्हायरसात त्यांनी आपली नावे, पत्ता नि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! चोराने भिंतीस भोक पाडून तेथेच आपला पत्ता लिहून ठेवावा, असा हा भाबडेपणा. दोनच वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. न्यायालयाने त्यास दोषी ठरवून दंड ठोठावला आणि चारशे तास समाजसेवा करावयास लावली. थट्टेचे दिवस तेथे संपले. आज या आज्ञावल्या लिहिणारे बहुतेक लोक पैशासाठी लिहितात, आणि पत्ता तर सोडाच, सावलीही मागे ठेवीत नाहीत.

आता पॉप-अपकडे वळू. एखादे पान वाचीत असता अचानक पुढ्यात उघडणारी ती लहान खिडकी. तिचा जनक अज्ञात नाही. १९९० च्या दशकात ट्रायपॉड या अमेरिकन संकेतस्थळावर काम करणाऱ्या एथन झुकरमन यांनी ही युक्ती काढली. एका मोटार-कंपनीची जाहिरात आक्षेपार्ह पानावर छापली गेल्याने ती कंपनी रुष्ट झाली, तेव्हा जाहिरात पानापासून अलग दिसावी म्हणून तिला स्वतंत्र खिडकी द्यावी, असा तो विचार होता. पुढे त्या खिडक्यांनी जगाचा जो छळ मांडला तो पाहून २०१४ साली झुकरमन यांनी ‘द अटलांटिक’ या नियतकालिकात लेख लिहून जाहीर क्षमा मागितली. त्या मूळच्या खिडक्यांना आजचे सर्वच प्रमुख ब्राउझर आपण होऊन अडवितात. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. परंतु पॉप-अपने दोन नवे अवतार घेतले आहेत, आणि त्यांच्याकडे मात्र नीट लक्ष दिले पाहिजे.

पहिला अवतार नोटिफिकेशनचा. एखादे संकेतस्थळ उघडताच वरच्या कोपऱ्यातून प्रश्न येतो, आम्ही आपणांस सूचना पाठवाव्या काय? कित्येक पाने तर लबाडीने लिहितात की, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी ‘अलाऊ’ दाबा. आपण दाबतो. मग ते पान बंद केले तरी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने काही ना काही उगवत राहते: तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, तुम्हांस बक्षीस लागले, अमुक औषधाने गुडघे बरे होतात. घरची मंडळी घाबरून संगणक दुरुस्तीस नेतात. वस्तुतः येथे दुरुस्त करण्याजोगे काहीच नसते. परवानगी तेवढी परत घ्यावयाची असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स हा भाग शोधून काढावा. ज्या ज्या स्थळांना अनुमती दिलेली आहे त्यांची यादी तेथे असते. अनोळखी नावे काढून टाकली की ही पीडा मिनिटभरात जाते. कोणत्याच स्थळाने हा प्रश्न विचारू नये, अशी व्यवस्थाही तेथेच करता येते. ती अवश्य करावी, असे आमचे मत आहे. या सूचनांवाचून आजवर कोणाचे काही अडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसरा अवतार अधिक घातक आहे. संपूर्ण पडदा व्यापून निळे किंवा तांबडे पान उघडते, कर्कश भोंगा वाजू लागतो, एक आवाज इंग्रजीत वारंवार बजावतो की संगणक बंद करू नका, आणि ठळक अक्षरांत एक दूरध्वनी क्रमांक दिसतो. वर एखाद्या नामांकित कंपनीचे बोधचिन्ह असते. माउस हलवूनही पान मिटत नाही. अशा वेळी चांगल्या शिकलेल्या माणसाचीही छाती धडधडते.

फोंडा तालुक्यातील एका घरी घडलेली हकीकत येथे सांगतो. घरातील आजोबा निवृत्त कारकून. दुपारी एकटेच पंचांग पाहण्यासाठी संगणकापुढे बसले असता हे पान उघडले. त्यांनी तो क्रमांक फिरविला. पलीकडचा मनुष्य अतिशय आदबीने बोलला, घाबरू नका म्हणाला, आणि संगणकात एक आज्ञावली उतरवून घेण्यास सांगितले. ती आज्ञावली दुरून दुसऱ्याचा संगणक चालविण्याची होती. तिच्या साहाय्याने त्याने काही काळ्या खिडक्या उघडून अक्षरांच्या रांगा धावत्या दाखविल्या, व्हायरस जात आहे असे भासविले, आणि शेवटी पाच रुपयांचे नाममात्र शुल्क भरण्यासाठी बँकेचे पान उघडावयास लावले. इतक्यात शाळेतून परतलेल्या नातवाने पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना पाहिला. “आजो, तो फोन दवर!” म्हणून त्याने धावत जाऊन राउटरचा खटका बंद केला. तोवर दोन वेळा रक्कम गेली होती. ती नातीच्या शिक्षणासाठी मुदत-ठेव मोडून ठेवलेली रक्कम होती. तिसरी खेप मात्र टळली. या प्रसंगातील खरे दुःख पुढेच आहे. आजोबांना इतकी लाज वाटली की त्यांनी नातवाकडून वचन घेतले आणि दोन दिवस ही गोष्ट घरात कोणास कळू दिली नाही. पैसा परत मिळण्याचा जो काही संभव होता, तो त्या दोन दिवसांत जवळजवळ संपला.

आता या पानाची कुवत किती असते ते पाहू. संकेतस्थळाचे कोणतेही पान ब्राउझरच्या कुंपणात कोंडलेले असते. आपल्या डिस्कवरील फाइली चाळून त्यांत व्हायरस आहेत की नाहीत, हे पाहण्याची मुभा त्यास नसते. म्हणजे, जे पान ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ असे म्हणते ते पाहून बोलत नसते. रस्त्यावरच्या ज्योतिष्याने तोंड न पाहताच साडेसाती सांगावी, तसे ते बोलणे असते. आणि दुसरी खूण: कोणतीही संगणक-कंपनी आपल्या इशाऱ्याच्या खिडकीत दूरध्वनी क्रमांक देत नाही. क्रमांक दिसला की लबाडी ओळखावी. पान मिटत नसेल तर एस्केपची कळ क्षणभर दाबून धरावी. तरीही न मिटल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातून ब्राउझर बंद करावा. तेही न साधल्यास संगणकच बंद करावा. भोंगा काहीही ओरडो. पुन्हा ब्राउझर उघडताना ‘मागील पाने परत आणू काय’ असे तो विचारील, त्यास नकार द्यावा. येवढे केले की प्रकरण संपते. पान केवळ उघडले, क्रमांक फिरविला नाही, काही उतरवून घेतले नाही, तर बहुधा काहीही बिघडलेले नसते.

स्पायवेअर, म्हणजे हेर, याची प्रकृती याच्या अगदी उलट. पॉप-अपला तुमचे लक्ष हवे असते, हेराला ते नको असते. पडद्यावर काही दिसत नाही, ऐकू येत नाही. आत बसून तो दाबलेल्या कळांची नोंद ठेवतो, ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेले पासवर्ड उचलतो, आणि ते दूर कोठेतरी धाडून देतो. असे हेर केवळ चोरच पाठवितात असेही नाही. २००५ साली सोनी बीएमजी या बड्या संगीत-कंपनीने आपल्या गाण्यांच्या सीडींबरोबर एक आज्ञावली ग्राहकांच्या संगणकात उतरविली. गाण्यांच्या नकला होऊ नयेत हा तिचा उद्देश. परंतु ती स्वतःला संगणकाच्या मालकापासून लपवून ठेवीत असे, आणि कोणती सीडी वाजविली जात आहे त्याची वार्ता कंपनीस कळवीत असे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ऑक्टोबरच्या अखेरीस हे उघडकीस आणले. काही दिवसांतच व्हायरस लिहिणाऱ्यांनी त्याच लपण्याच्या जागेचा उपयोग करून घेतला, आणि कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. मोठे नाव पाहून निर्धास्त होऊ नये, ते यासाठी.

आपल्या घरांत हेर येतो तो बहुधा मुलांच्या हातून, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. विकत घ्यावयाचा खेळ फुकट मिळवून देणारी ‘क्रॅक’ केलेली प्रत, किंवा खेळात खोटे गुण वाढविणारी युक्ती, ही त्याची आवडती वाहने. त्या प्रतीबरोबर एक सूचनापत्र असते व त्यात पहिलीच आज्ञा असते की, प्रथम अँटिव्हायरस बंद करा. जरा विचार करा. घरी आलेल्या पाहुण्याने उंबऱ्यावरूनच ‘आधी कुत्रा बांधा, राखणदारास झोपवा, मग मी आत येतो’ असे म्हटले, तर आपण त्यास पाटावर बसवू काय? तीच गोष्ट मोबाइलवरून येणाऱ्या लग्नपत्रिकांची नि वाहतुकीच्या दंडाच्या चलनांची. २०२४ सालापासून आपल्या देशात अशा नावांच्या ‘एपीके’ फाइली व्हॉट्सॲपवर फिरत आहेत. लग्नपत्रिका ही चित्र किंवा कागद असते. तिला ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही.

फाइलीच्या नावासंबंधी येथेच एक गोष्ट सांगून टाकतो. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधील मनिला शहरातून एक ई-पत्र निघाले. विषय होता, ‘आय लव्ह यू’. सोबत एक प्रेमपत्र जोडलेले होते आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर, असे दिसे. परंतु त्या अक्षरांपुढे आणखी तीन अक्षरे होती, ‘व्हीबीएस’, आणि विंडोज ती दाखवीत नसे. टीएक्सटी हे सोंग, व्हीबीएस हे खरे कुळ. ती चालणारी आज्ञावली होती. उघडताच ती छायाचित्रांवर आपली प्रत लिहून ती नष्ट करी, आणि पत्त्यांच्या वहीत जितके लोक असतील तितक्यांना तेच प्रेमपत्र धाडी. काही तासांत ते पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. लिहिणारा ओनेल दे गुझमन हा तरुण सापडलाही, परंतु त्या देशात त्या वेळी अशा अपराधास लागू पडेल असा कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. (आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून अमलात आला.) ही लपवाछपवी विंडोज अद्यापही करते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ या भागात जाऊन फाइलींची संपूर्ण नावे दिसतील अशी खूण करून ठेवावी. ज्या चित्राचे आडनाव ‘जेपीजी’ नसून ‘ईएक्सई’ निघेल, ते चित्र नव्हे.

आता आपल्या भागातील सर्वांत परिचित दुखणे. प्रकल्पाची फाइल छापून आणण्यासाठी तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाता. दुकानातील संगणकास दिवसभरात गावातले पन्नास पेनड्राइव्ह लागलेले असतात. तो एक सार्वजनिक पाणवठाच असतो म्हणा ना. घरी येऊन पाहावे तो सर्व फोल्डर ‘शॉर्टकट’ झालेले, प्रत्येकाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात इवलासा बाण. मुले रडकुंडीस येतात. कोणीतरी सल्ला देतो, फॉरमॅट करून टाक. हा सल्ला ऐकू नये! मूळ फाइली बहुधा जागच्या जागीच असतात. त्यांना केवळ ‘अदृश्य’ अशी खूण केलेली असते. बाणाचा फोल्डर म्हणजे सापळा. त्यावर दोनदा टिचकी मारली की आधी व्हायरस चालू होतो आणि मग खरा फोल्डर उघडतो, म्हणून काही घडले असे आपल्यास वाटतही नाही. तेव्हा बाणास हात न लावता प्रथम अँटिव्हायरसकडून पेनड्राइव्ह तपासून घ्यावा, नंतर फाइलींवरील अदृश्यतेची खूण काढावी. ‘ॲट्रिब’ या आज्ञेने ती एका क्षणात निघते. शाळेतील संगणक-शिक्षकांना विचारल्यास ते करून दाखवितील. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यातील आज्ञावली आपोआप चालू होई, आणि २००८ च्या अखेरीस निघालेल्या ‘कॉन्फिकर’ वर्मने त्या सोयीचा भरपूर लाभ उठविला. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी ही आपोआपता बंद आहे. आता उरतो तो आपल्या बोटाचा चाळा. छापण्यासाठी न्यावयाच्या पेनड्राइव्हमध्ये त्या एका फाइलीखेरीज दुसरे काही ठेवू नये, म्हणजे गमावण्याजोगे काही राहत नाही.

अँटिव्हायरसचा उल्लेख वारंवार आला. आपल्या गोमंतकात गावोगावी राखणदाराची श्रद्धा आहे. वेशीवर त्याचे स्थान असते आणि त्याला न विचारता गावात काही वाईट शिरत नाही, अशी समजूत आहे. अँटिव्हायरस हा असाच वेशीवर बसतो. ज्ञात व्हायरसांच्या खुणांची मोठी वही त्याच्याजवळ असते. येणारी प्रत्येक फाइल तो त्या वहीशी ताडून पाहतो, आणि वहीत नसलेला कोणी संशयास्पद वागू लागला तर त्यासही धरतो. वही रोजच्या रोज नवी व्हावी लागते. या कामात मराठी माणसाचा वाटा आहे, तो सांगण्यात आम्हांस अभिमान वाटतो. पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून आरंभ करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांतील व्हायरस काढण्यासाठी आज्ञावली तयार केली. तिचेच पुढे ‘क्विक हील’ झाले, आणि २०१६ साली त्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. तथापि आम्ही कोणत्याच मालाची शिफारस करीत नाही. विंडोज १० व ११ मध्ये ‘डिफेंडर’ नावाचा राखणदार मुळातच असतो, आणि सावधपणे वागणाऱ्या कुटुंबास तो पुष्कळ झाला. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. ते परस्परांवरच संशय घेऊ लागतात व संगणक गोगलगाय होतो. नव्या संगणकाबरोबर काही दिवसांसाठी फुकट मिळालेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस वर्षानुवर्षे तसाच ठेवणे, हे तर सर्वांत वाईट. पगार बंद झालेला पहारेकरी तो. त्याची खुर्ची असते, पहारा नसतो.

खंडेनवमीस संगणकाला हळदकुंकू लावून झेंडू वाहणारी पुष्कळ घरे आम्ही पाहिली आहेत. प्रथा गोड आहे, ती चालू राहावी. परंतु त्याच घरांत ‘अपडेट’ची सूचना आली की ‘नंतर पाहू’ म्हणून ती महिनोन् महिने लोटली जाते. अपडेट म्हणजे काय? आज्ञावलीच्या भिंतीत एखादे भोक सापडले की कंपनी ते बुजविण्यासाठी गिलावा पाठविते, तो अपडेट. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने असाच एक गिलावा पाठविला होता. ज्यांनी तो लावला नाही, त्यांच्यावर बरोबर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ कोसळला. हा खंडणीखोर वर्म होता. संगणकातील सर्व फाइलींना तो गुप्त लिपीत बदलून टाकी आणि सोडविण्यासाठी तीनशे डॉलरची मागणी करी. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मार्कस हचिन्स या तरुण इंग्रज तज्ज्ञाने त्या वर्ममधील एक संकेतस्थळाचे नाव हेरून ते आपल्या नावे नोंदविले, आणि त्यामुळे त्याचा प्रसार थांबला. येथे एक गोष्ट पालकांच्या ध्यानी आणून देतो. विंडोज १० साठी मिळणारा नेहमीचा फुकट गिलावा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाला. ज्यांचा संगणक विंडोज ११ पेलू शकतो त्यांनी ते घ्यावे. जो पेलू शकत नाही, त्यावर निदान बँकेचे व्यवहार करू नयेत.

आणखी एक साधी व्यवस्था फार थोड्या घरांत आढळते. संगणकात दोन प्रकारची खाती असतात: एक कारभाऱ्याचे, दुसरे सामान्य. कारभाऱ्याच्या खात्यातून शिरलेला व्हायरस कारभारी होतो, सामान्य खात्यातून शिरलेला सामान्यच राहतो व त्याचे हात पुष्कळसे बांधलेले असतात. म्हणून मुलांसाठी, नव्हे, मोठ्यांच्याही दैनंदिन वापरासाठी, सामान्य खाते उघडावे आणि कारभाऱ्याचा पासवर्ड एकट्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने आपल्याजवळ ठेवावा. नवीन काही उतरविताना संगणक तो पासवर्ड मागेल. त्या निमित्ताने क्षणभर थांबून, हे काय आहे, असे कोणीतरी विचारील. तो क्षणभराचा थांबा मोलाचा आहे.

येवढे करूनही घात होऊ शकतो, म्हणून जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत असावी. संगणक बाजारात पुन्हा मिळेल. परंतु पौष महिन्यात मांडावर आजीने म्हटलेल्या धालोच्या गीतांचे ध्वनिमुद्रण, समुद्रापलीकडे गेलेल्या मामाचे शेवटचे छायाचित्र, हे कोणत्या दुकानातून आणणार? एक वेगळी डिस्क घेऊन महिन्यातून एकदा सारे तीवर उतरावे आणि, हे महत्त्वाचे, काम होताच डिस्क काढून कपाटात ठेवावी. संगणकास कायमची जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोराच्या हाती मूळ प्रतीबरोबरच सापडते. खंडणी तर देऊच नये. पैसे घेतल्यावर तो फाइली सोडवीलच, याची हमी कोण देणार?

आणि तरीही पैसा गेलाच, तर वेळ दवडू नये. प्रथम संगणकाचे इंटरनेट तोडावे. नंतर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा. तेथे तक्रार नोंदविताच ज्या बँकेत पैसा वळविला गेला तिला कळविले जाते, आणि चोराने तो काढून घेतला नसेल तर तेथेच गोठविता येतो. चोर तो एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात घाईने फिरवीत असतो; म्हणून येथे तासांचा, किंबहुना मिनिटांचा हिशेब आहे. आपल्या बँकेसही त्याच वेळी कळवून खाते बंद करवावे, आणि पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून बदलावे. बाधलेल्या संगणकावर नवा पासवर्ड लिहिणे म्हणजे तो हेराच्याच कानात सांगणे. घरातील मुलांना एवढेच सांगणे आहे की, आजोबा किंवा आई असे काही सांगावयास आली तर ‘इतके कसे कळले नाही’ असे म्हणून हसू नये. एकदा हसलात की पुढच्या वेळी ती तुम्हांस सांगणारच नाहीत. त्यांच्या शेजारी बसून क्रमांक फिरवावा. बोलताना बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक व वेळ ही हाताशी असावीत. तक्रारीचा जो क्रमांक मिळेल तो लिहून घ्यावा. पडद्यावर फसवे पान अजून दिसत असेल तर बंद करण्यापूर्वी मोबाइलने त्याचे छायाचित्र काढावे, कारण त्यावरील दूरध्वनी क्रमांक तपासासाठी लागतो.